प्रवाळभिंतीवर पहिला डायव्ह: पायाखाली तळ नसताना काय काय सांभाळायचं

स्कूबाचा कोर्स करताना बहुतेक सराव तळ डोळ्यांसमोर असताना होतात. खाली १२ मीटरवर वाळू असेल तर कितीही गोंधळ झाला तरी तुम्ही १२ मीटरच्या खाली जात नाही, वाळू तुम्हाला अडवते. प्रवाळभिंतीवर अडवायला काहीच नसतं. प्रवाळाचं पठार पाच-दहा मीटरवर चालत येतं, कड लागते आणि तिथून भिंत उभीच्या उभी खाली निळ्या अंधारात उतरते. मलेशियातलं सिपादान बेट समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच उभं आहे. त्याच्या कडेवर तरंगताना पायाखाली जे पाणी असतं त्यातला अगदी वरचा पापुद्रा तेवढा आपल्या वाट्याचा.

वाळू जे काम आजवर करत होती ते इथे तुम्हाला करायचं आहे. खालच्या सगळ्या सूचना त्यासाठीच आहेत.

१. आधी स्वतःची पात्रता तपासा

ओपन वॉटर प्रमाणपत्रावर १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डवर ३० मीटर आणि डीप डायव्हिंगचं वेगळं प्रशिक्षण घेतल्यावर ४० मीटर, ही हौशी डायव्हिंगची सर्वसाधारण मर्यादा. भिंत बघायला खोल जावं लागतं हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. कॅरिबियनमधल्या लिटल केमन बेटाजवळच्या ब्लडी बे भिंतीची कड जेमतेम ६ मीटरवर सुरू होते. इंडोनेशियातल्या बुनाकेनला आणि प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाच्या न्गेमेलिस भिंतीलाही वरचा पट्टा उथळ पाण्यातच आहे. प्रवाळाला प्रकाश लागतो, त्यामुळे रंग, मासे आणि वर्दळ वरच्या २० मीटरमध्येच जास्त असते.

कोर्स न करता प्रशिक्षकाचा हात धरून केला जाणारा ‘ट्राय डायव्ह’ भिंतीवर करू नका, कोणी आग्रह केला तरी. कोर्स झालेल्यांनी ही परीक्षा घ्यावी: ५ मीटरवर, हात न हलवता, एकाच जागी तीन मिनिटं तरंगत राहा. डायव्ह कॉम्प्युटरवरचा (खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या यंत्रावरचा) खोलीचा आकडा अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वर-खाली होत असेल तर आणखी चार-सहा डायव्ह साध्या, तळ असलेल्या प्रवाळावर करा. शेवटचा डायव्ह होऊन सहा महिन्यांच्या वर गेले असतील तर आधी उजळणी करा.

२. कागदपत्रं आणि सामान

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- प्रमाणपत्राचं कार्ड (मोबाइलवरचं चालतं, पण बोटीवर रेंज नसते, म्हणून फोटो काढून ठेवा)
- लॉगबुक, शेवटच्या डायव्हच्या तारखेसह
- भरलेली वैद्यकीय प्रश्नावली. एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही निघण्याआधीच घ्या, डायव्ह सेंटरच्या काउंटरवर पोचून नव्हे
- डायव्हिंगचा विमा. हायपरबॅरिक चेंबरमधले (जास्त दाबाच्या उपचार-कक्षातले) उपचार आणि तिथवर नेण्याचा खर्च त्यात धरला आहे का, खोलीची अट किती मीटरची आहे, ही दोन वाक्यं पॉलिसीत शोधून वाचा
- संरक्षित क्षेत्र असेल तर प्रवेश परवाना. सिपादानला रोज किती डायव्हर उतरणार हे परवान्यानेच ठरतं, तेव्हा चौकशी आधी करा

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया यांतलं काही लपवून प्रश्नावली भरू नका. गरोदरपणात डायव्ह करायचाच नाही.

सामानातलं जवळजवळ सगळं भाड्याने मिळतं. स्वतःचा असावा तो मास्क, कारण तो चेहऱ्याला बसला पाहिजे, आणि जमल्यास डायव्ह कॉम्प्युटर, कारण त्याची बटणं पाण्याखाली शोधत बसण्याची ती जागा नव्हे. याखेरीज भिंतीसाठी तीन गोष्टी सक्तीच्या धरा: फुगवून वर सोडायचा नारिंगी सिग्नल ट्यूब (सगळे त्याला एसएमबी म्हणतात) आणि त्याची किमान १५ मीटर दोरीची रीळ, शिट्टी, आणि छोटा टॉर्च. २७ ते २९ अंशांच्या पाण्यात ३ मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा वेटसूट पुरतो. भिंतीवर काटेरी, चटका देणारं बरंच काही असतं, म्हणून उघडे हात-पाय नकोत.

सनस्क्रीनबद्दल एक. पलाऊने प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर १ जानेवारी २०२० पासून बंदी घातली आहे. बंदी नसलेल्या ठिकाणीही लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला आणि क्रीम कमीत कमी लावा.

३. वजन बरोबर करा

भिंतीवर जास्तीचं वजन घेऊन उतरणं ही सगळ्यात सरसकट दिसणारी चूक. ‘लवकर बुडता येईल’ म्हणून दोन किलो जास्त बांधले जातात. ते दोन किलो तोलायला बीसीडीत (म्हणजे हवा भरायच्या-सोडायच्या जॅकेटात) दोन लिटर हवा जास्त ठेवावी लागते. ही हवा खाली जाताना आकसते, वर येताना फुगते. म्हणजे प्रत्येक मीटरला तुमचा तोल जास्तच डळमळतो. शिवाय खोलीवर वेटसूटही दबून पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची ताकद घटते. २५ मीटरवर हे सगळं एकत्र आलं की जड झालेला डायव्हर पाय मारत स्वतःला वर धरून ठेवतो, धापा टाकतो आणि हवा संपवतो.

तपासणी अशी करा. पूर्ण सामान घालून, खोल पाण्यात, बीसीडी पूर्ण रिकामा करून, नेहमीसारखा श्वास धरून उभे तरंगा. पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला आली पाहिजे आणि श्वास सोडला की हळूच बुडलं पाहिजे. टँक भरलेला असेल तर वर दोन किलो वाढवा: ११-१२ लिटरच्या टँकमधली हवा २०० बारपासून (बार हे दाबाचं एकक) ५० बारपर्यंत वापरली की साधारण तेवढ्याच वजनाने टँक हलका होतो. अ‍ॅल्युमिनियमचा टँक तर शेवटी तरंगायलाच लागतो. हे दोन किलो विसरले की वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या थांब्यावर शरीर वर ओढलं जातं, नेमकं जिथे स्थिर राहायचं असतं तिथे.

४. हवेचा हिशेब कागदावर करा

‘५० बार उरले की वर’ हा नियम कोर्समध्ये पाठ झालेला असतो. भिंतीवर तो अपुरा आहे. का, ते आकड्यांत बघा.

समुद्रात दर १० मीटरला दाब १ बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर २० मीटरवर ६० आणि ३० मीटरवर ८० लिटर लागते. १२ लिटरच्या टँकमध्ये २०० बारला २४०० लिटर हवा असते.

आता वाईटात वाईट क्षण धरा: १८ मीटरवर जोडीदाराची हवा बंद पडली आणि दोघंही तुमच्या टँकवर आलात. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो, म्हणजे दोघांचे ६०.

- सावरायला आणि खुणा करायला १ मिनिट, २.८ बार दाबावर: सुमारे १७० लिटर
- १८ ते ५ मीटर, मिनिटाला ९ मीटर वेगाने वर येणं: सुमारे १९० लिटर
- ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा: २७० लिटर
- शेवटचे ५ मीटर अगदी हळू: ७५ लिटर

बेरीज ७०० लिटरच्या आसपास, म्हणजे १२ लिटरच्या टँकमध्ये ५८ बार. हाच हिशेब २५ मीटरवरून केला तर ७४-७५ बार लागतात. म्हणून १८ मीटरवर असाल तर ७० बारला आणि २५ मीटरवर असाल तर ९० बारला वर सरकायला सुरुवात करायचीच. हे आकडे हातावरच्या पाटीवर लिहून घ्या. १०० बारला जोडीदाराला खूण करायची, हेही बोटीवरच ठरवा.

वेळेची मर्यादा वेगळी. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात वाटेत न थांबता थेट वर येता येईल असा वेळ १८ मीटरला ५६ मिनिटं आहे, ३० मीटरला फक्त २०. कॉम्प्युटर बरेचदा यापेक्षा कडक असतो, आणि त्याचंच ऐकायचं.

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर भिंतीवर जास्त सावध राहा. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार या मर्यादेत ३३ मीटरपर्यंतच चालतं, ३६ टक्क्यांचं २८ पर्यंत. त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरून पाण्यात आकडी येऊ शकते, तीही पूर्वसूचनेशिवाय. टँकमधलं प्रमाण स्वतः मोजा आणि कॉम्प्युटरमध्ये स्वतः टाका.

५. बोटीवरची तपासणी

जोडीदाराची तपासणी दोघांनी मिळून करा: बीसीडी फुगतो आणि रिकामा होतो का, वजनाचा पट्टा उजव्या हाताने एका झटक्यात सुटतो का, सगळे बकल लागले आहेत का, हवा चालू आहे का.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. गेजकडे (टँकमधला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे) बघत रेग्युलेटरमधून (तोंडात धरायच्या श्वासाच्या यंत्रातून) तीन-चार खोल श्वास घ्या. काटा जागच्या जागी राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला काटा खाली लवून परत वर येत असेल तर टँकचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे. बोटीवर त्यातून हवा व्यवस्थित येते आणि म्हणूनच फसगत होते. २० मीटरवर तिप्पट हवा लागते तेव्हा ती पुरत नाही, छाती आवळल्यासारखी वाटते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. हवेला तेलकट वास किंवा चव असेल तर तो टँक बदलून मागा, संकोच न करता.

मार्गदर्शकाला विचारायचे प्रश्न चार: कड किती मीटरवर आहे, आजची कमाल खोली किती, भिंत जाताना कोणत्या खांद्याला राहील, आणि बोट इथेच थांबणार की प्रवाहासोबत आपल्या मागे येणार.

६. उतरताना

थेट निळ्या पाण्यात उडी मारून उतरणं पहिल्या वेळी टाळा. पठारावर उतरा, ६-८ मीटरवर थांबा, वजन आणि मास्क ठाकठीक करा, आणि मगच कड ओलांडा.

कान पहिल्या मीटरपासून मोकळे करत राहा. दुखेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, त्यामुळे कानाचा बहुतेक त्रास याच पट्ट्यात होतो. नाक दाबून फुंकल्यावर कान उघडला नाही तर जोर लावू नका. एक मीटर वर या, गिळा, जबडा हलवा, पुन्हा बघा. सर्दी असेल तर डायव्ह नको. सर्दीची गोळी घेऊन गेलात आणि तिचा असर पाण्यातच उतरला तर वर येताना कान बंद पडतो, आणि वर तर यावंच लागतं.

कड ओलांडल्यावर बीसीडीत थोडी थोडी हवा भरत जा, एका वेळी एक छोटी फुस. नवखे इथे नेहमी चुकतात. सुरुवातीला हवा भरायची विसरतात, वेगाने खाली जायला लागल्यावर बटण दाबून धरतात, आणि मग फुग्यासारखे वर येतात. ठरलेल्या खोलीच्या तीन-चार मीटर आधीच वेग कमी करा.

७. भिंतीवर

सगळ्यात खोल भाग सगळ्यात आधी. मग संपूर्ण डायव्हभर नागमोडी, हळूहळू वर सरकत यायचं, शेवट पठारावर. हवा आणि शरीरात साठणारा नायट्रोजन, दोन्हींच्या हिशेबाने हेच बरं.

भिंतीपासून दीड-दोन मीटर अंतर ठेवा. जवळ गेलात की फिन्सचा फटका बसतो. भरीव प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं, एका लाथेत तुटलेला हातभर तुकडा भरून यायला माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग जातो. बेडकासारखे पाय मारा, गेज आणि जादा रेग्युलेटर अंगाशी अडकवून ठेवा, लोंबकळू देऊ नका.

कॉम्प्युटरकडे दर अर्ध्या मिनिटाला बघा. जास्त वाटेल, पण स्वच्छ पाणी डोळ्यांना फसवतं: ३० मीटर लांबचं दिसत असताना तुम्ही २८ मीटरवर आहात की १८, हे प्रकाशावरून कळत नाही. मास्कमधून वस्तू पाव अंतराने जवळ भासतात ते वेगळंच. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात भिंतीवरची एखादी खूण, पिंपाएवढा स्पंज म्हणा, डोळ्यांच्या रेषेत धरा. ती वर सरकायला लागली की तुम्ही खाली चालला आहात.

सुमारे ३० मीटरपासून नायट्रोजनची नशा चढू शकते. लक्षणं सौम्य असतात: उगाच आनंद, एकाच गोष्टीत गुंतणं, गेज बघून आकडा न कळणं. जोडीदार खुणेला उत्तर द्यायला नेहमीपेक्षा वेळ लावत असेल तर दोघंही पाच मीटर वर या. उतारा तोच, आणि तो लगेच लागू पडतो.

आता थोडं बघायचं. ५-१० मीटरनंतर लाल रंग पाण्यात विरतो, त्यामुळे भिंत राखाडी-निळी दिसते. टॉर्च लावा. तपकिरी वाटणारा स्पंज कुंकवासारखा पेटतो. समुद्रपंखे (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) प्रवाहाला आडवे वाढतात, जाळीत वाहतं अन्न अडकावं म्हणून. हिंद-प्रशांत महासागरातल्या एखाद्या मोठ्या गुलाबी पंख्यापाशी अर्धं मिनिट स्थिर राहिलात तर त्याच्या फांदीवर जेमतेम दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा दिसू शकतो. त्याच्या अंगावरच्या गाठी पंख्याच्या मिटलेल्या कळ्यांसारख्याच असतात, रंगासकट. हात लावू नका, आणि टॉर्च थेट त्याच्यावर रोखून धरू नका. मात्र अधूनमधून पाठ भिंतीकडे करून निळ्याकडेही बघत जा. कासवं, बांगड्याच्या कुळातले मोठे मासे, शार्क तिकडूनच येतात, आणि नवखे भिंतीत डोकं घालून सगळं हुकवतात.

कपारी आणि गुहांच्या आत शिरू नका. त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. छताखाली सोडलेले बुडबुडे तिथे लटकणाऱ्या नाजूक जिवांनाही इजा करतात.

८. प्रवाह ओळखा

प्रवाह मासे सांगतात. सगळ्यांची तोंडं एका दिशेला असली की पाणी तिकडून येतंय. मऊ प्रवाळ फुलून टम्म झालं असेल तर प्रवाह चालू आहे, मलूल लोंबत असेल तर बंद. भिंत जिथे वळण घेते त्या कोपऱ्यावर प्रवाह दुभंगतो आणि जोर धरतो. पहिल्या डायव्हला कोपऱ्याच्या अलीकडेच वर या.

खरा धोका खाली ओढणाऱ्या प्रवाहाचा. पठारावरचं पाणी कडेवरून धबधब्यासारखं खाली सांडतं तेव्हा तो तयार होतो. पहिली खूण तुमचेच बुडबुडे. ते वर न जाता आडवे पसरतात, डोळ्यांसमोर घुटमळतात, मग खाली जातात. मासे नाक वर करून पोहताना दिसतात. अशा वेळी:

- सरळ वर पोहण्याची झुंज देऊ नका, पायांत गोळे येतील आणि हवा संपेल.
- जोडीदाराला धरा.
- हाताशी मोकळा, निर्जीव खडक असेल तर त्याला धरून तिरकं वर सरका. जिवाशी गाठ असताना प्रवाळ धरावं लागलं तर धरा.
- धरायला काही नसेल तर भिंतीपासून लांब, आडवं, निळ्या पाण्यात पोहा. हा पट्टा सहसा भिंतीलगत असतो, बाहेर त्याचा जोर ओसरतो.
- बीसीडीत हवा भरा, पण हात हवा सोडण्याच्या बटणावर ठेवा आणि नजर कॉम्प्युटरवर. प्रवाहाने सोडलं की तीच हवा तुम्हाला सुसाट वर नेईल, ती लगेच काढावी लागते.

जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा, मग वर या. तोही तेच करत असेल.

९. वर येताना

मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. श्वास कधीही रोखायचा नाही. पठार ५ मीटरवर असेल तर ३ मिनिटांचा थांबा प्रवाळ बघत होतो. पठार खोल असेल तर निळ्यात, एसएमबीच्या दोरीला धरून थांबा. एसएमबी ५-६ मीटरवरून सोडा, आधी डोक्यावर बघा, रीळ स्वतःला अडकवू नका. दोरी अडकली आणि रीळ बीसीडीला लावलेली असेल तर ट्यूबबरोबर तुम्हीही वर जाल. वर आल्यावर बीसीडी फुगवा, बोटीची शिडी हातात येईपर्यंत मास्क चेहऱ्यावर आणि रेग्युलेटर तोंडात असू द्या.

१०. बोटीवर परतल्यावर

पाणी प्या. पुढच्या डायव्हआधी किमान तासभर जाऊ द्या. एकच डायव्ह केला असेल तर १२ तास आणि एकाहून जास्त केले असतील तर १८ तास विमानप्रवास करू नका. उंच घाटातून गाडीने जाणंही त्यातच आलं.

सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, कारण न कळणारा थकवा, चक्कर यांतलं काहीही झालं तर ‘झोपलं की बरं वाटेल’ म्हणू नका. आडवं करून शुद्ध ऑक्सिजन द्या, डायव्हिंगच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. बरं वाटावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरवणं साफ चूक.

लॉगबुक त्याच दिवशी भरा: किती किलो वजन होतं, सुरुवात आणि शेवटचे बार, मिनिटं, सरासरी खोली. यावरून स्वतःची हवेची गरज काढता येते. समजा १२ लिटरच्या टँकमधले १४० बार ४२ मिनिटांत गेले, सरासरी खोली १२ मीटर. १४० गुणिले १२ म्हणजे १६८० लिटर. त्याला ४२ मिनिटांनी आणि २.२ बारने भागलं की मिनिटाला साधारण १८ लिटर येतात. पुढच्या भिंतीला चौथ्या टप्प्यातल्या २० च्या जागी हा आकडा घाला. जोडीदारासोबतच्या आपत्कालीन हिशेबातले ३० मात्र तसेच राहू द्या.